बाबांच्या दातांचं मलम

थंड पाण्याचा घोट घेतला की बाबा डोळे घट्ट मिटून घ्यायचे. पुढं ताक सुटलं, दही सुटलं, आणि एक दिवस फोनवर त्यांनी जाहीरच केलं, "सारे दात काढून टाकतो अन् नकली बत्तीशी बसवतो. कटकट नाई मंग."

त्यांच्या मित्रानं तेच केलं होतं. पण बाबांचे दात पंच्याहत्तरीतही एकूण एक शाबूत, म्हणून मला रागच आला. मला राग लवकर येतो, आणि राग आला की मी समोरच्याचंही बोलणं स्वतःच बोलून टाकते.

मी समुद्रपूरला नोकरीला, बाबा रोहण्याला एकटे. एका रविवारी त्यांना आर्वीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, दात मजबूत आहेत, पण वरचं कवच झिजल्यामुळे गारवा आतपर्यंत पोचतो. "ब्रश करता ना?" त्यांनी विचारलं. बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "हो, मीच आणून दिलाय."

बाईंनी मलम दिलं. ज्या कॅल्शियम-फॉस्फेटचे दात बनतात तेच त्यात असतं, आणि त्यानं झिजलेल्या जागची बारीक छिद्रं बुजतात. दात घासून झाले की बोटानं लावायचं, वर चूळ भरायची नाही, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. महिन्यात फरक पडला नाही तर पुढचं पाहू, असं त्या म्हणाल्या.

"पुढचं म्हंजे काढनं," बाबा बाहेर येताच म्हणाले.

महिना झाला. फरक शून्य. मी त्या मलमाला मनातल्या मनात भरपूर नावं ठेवली आणि बाबांना दवाखान्यात न्यायला सकाळीच रोहण्याला पोचले.

बाबा पायरीवर बसून गोवरीच्या राखेनं खसाखसा दात घासत होते. मग त्यांनी खळखळून चूळ भरली, मलम बोटावर घेतलं आणि एकेका दाताला जपून लावलं. मी ओरडणार तोच हात वर करून त्यांनी मला थांबवलं. अर्धा तास ते चहालाही शिवले नाहीत.

"राख?" मी शेवटी म्हटलं. "ब्रश कुठाय?"

"डब्यात. म्या फोनवर इचारलं होतं ना तुले, घासाचं कायनं? तूच त म्हटलं, जसं घासता तसंच घासा."

म्हटलं होतं. ऑफिसच्या घाईत, त्यांचा प्रश्न पुरता न ऐकता.

दवाखान्यात राखेचं कळताच बाई रागावल्या; कवच झिजत होतं ते तिच्यानंच. "एवढी राख घासायला सांगितलं कुणी?"

मी बोलणार होते. पण बाबा आधीच बोलले, "कोनी नाई. माह्याच मनानं घासत होतो." आणि मी गप्प बसले. बाईंनी दात काढायचं नावही घेतलं नाही. राख बंद, मऊ ब्रश, मलम तेच.

पाच-सहा आठवड्यांनी बाबांचा फोन आला. "आज फ्रीजमधलं पानी पेलो. काई झालं नाई."

मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी दवाखान्यात मी बोलायला पाहिजे होतं. चूक माझी होती. माझ्यापायी तुमचे दात गेले असते."

"गेले त नाई ना," ते म्हणाले. "पन बाई, म्या काई इचारलं त पुरतं आयकून घेत जाय. निस्तं दातांचंच नाई सांगून राह्यलो मी."