पाच साखळ्यांची चूक

"कितीक भरलं?" असं म्हणून नाना चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याकडे अशा नजरेनं बघायचे की तो बिचारा आपोआप खरं बोलायचा. साताऱ्याला जाऊन आलात, कितीक भरलं? लग्नात जेवून आलात, कितीक भरलं? आमच्या शाळेच्या शिपायाला मुलगी झाली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. शिपाई गोंधळून म्हणाला, "सहा पौंड." नाना खूश झाले. मुलगा की मुलगी ते त्यांनी मागाहून विचारलं.

नाना सरकारी मोजणीदार. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी घेऊन लोकांच्या जमिनी मोजायच्या, हे त्यांचं काम. कोरेगाव तालुक्यात ज्या बांधावर उभं राहून नानांनी शिव्या खाल्ल्या नाहीत असा बांध सापडणं कठीण. दोन बाजूंना दोन भाऊ दातओठ खात उभे, आणि मधे हे शांतपणे साखळी पसरताहेत, असं चित्र मी स्वतः पाहिलंय. "साखळीला भाऊ न्हाई आन भावकीबी न्हाई," एवढंच म्हणायचे. आणि गंमत अशी, की भांडण मिटलं नाही तरी नानांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवत नसे.

एकदा आम्ही दोघं सहकुटुंब औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो. नानी देवीचं नाव घेत पायऱ्या चढत होत्या, आणि हे पायऱ्या मोजत होते. गाभाऱ्यापाशी नानी म्हणाल्या, "आवं, हात तरी जोडा आता." तर म्हणाले, "थांब जरा, आकडा हुकंल." देवीसुद्धा हसली असेल.

मी त्या वेळी कोरेगावातल्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. परदेशात आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धा होणार होती आणि तिच्यासाठी मुलींचा संघ निवडायचा होता. क्रॉसकंट्री म्हणजे मैदानावर गोल गोल पळणं नव्हे. ढेकळं, चिखल, ओढा, टेकडी, जे समोर येईल त्यातून पळायचं. निवड समितीनं दोन ठिकाणी चाचण्या ठेवल्या, एक आमच्याकडे आणि एक पार विदर्भात. दोन्हीकडच्या वेळा एकत्र लावून पहिल्या चौघी सराव शिबिराला न्यायच्या, असं ठरलं. आता तुम्हीच सांगा, टेकडीटेकडीत फरक नसतो का? क्रॉसकंट्रीत नंबर बघतात, घड्याळ नाही. पण मास्तराला विचारतो कोण?

मला मात्र घोर नव्हता, कारण आमच्याकडे सुजाता होती. मूळची शिराळ्याकडची. वडील रस्त्याच्या कामावर मुकादम, त्यांनी हौसेनं बुद्धाच्या कथेतलं नाव ठेवलेलं. कोरेगावात मामाकडे राहून ती कॉलेजला जायची आणि संध्याकाळी आमच्या मैदानावर पळायची. दोन वेण्या, पायात कॅनव्हासचे बूट, तोंडातून अक्षर नाही. कॉलेजचं तिचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती नोकरी धरणार, मग कसला सराव आणि कसलं काय. जायचं तर याच वर्षी, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मार्ग बरोबर चार किलोमीटर भरायला हवा होता. मी नानांना गाठलं. ते निवृत्तीला आले होते, पण काम ऐकून पोरासारखे हरखले. "आजवर मेलेली जमीन मोजली मास्तर. आता पळणारी मोजू." दोन रविवार ते आणि त्यांचा साखळीवाला राबले. मैदानातून पाटाच्या कडेनं जायचं, टेकडी चढून पलीकडे उतरायचं, आणि मळ्यातून परत. कुठं उभं पीक तुडवायचं नाही म्हणून त्यांनी वाट तीनदा बदलली.

सपाटीवर मी चुना टाकला. टेकडीवर खडकात चुना टिकेना, म्हणून तिथं खुंट्या ठोकून सुतळी बांधायची ठरवली. सुतळीही नानांनीच मैदानावर आडवी पसरून, साखळीनं मोजून, टेकडीपुरती काढून दिली. ती उतारावर कमी पडली. चांगली दीडशे फूट कमी. मी त्या दिवशी तिथल्या शेरडं राखणाऱ्या म्हाताऱ्यावर तोंडसुख घेतलं, की तूच कापून नेलीस दाव्याला. तो बापडा शपथा घेत राहिला. नानांना मी हे सांगितलं नाही, म्हटलं कशाला त्यांच्या डोक्याला ताप.

चाचणीत सुजाता पहिली आली. दुसरी मुलगी मळ्यात शिरत होती तेव्हा ही मैदानात पाणी पीत होती. आम्ही पेढे वाटले. आठ दिवसांनी समितीचं पत्र आलं. दोन्ही ठिकाणच्या वेळा मिळून सुजाता पाचवी. चौथीपेक्षा सात सेकंद मागे.

पत्र आलं तेव्हा स्टँडाजवळच्या हॉटेलात नाना आणि मी चहा घेत होतो. सुजाताला तिथंच बोलावून घेतलं. तिनं उभ्यानं पत्र वाचलं, घडी घालून मला परत दिलं. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "नाना, टेकडी लय लांब लागली पन."

झालं. नानांचा चहा बशीत सांडला. "तीस वर्सं साखळी धरतोय मी. कुनाची छाती झाली न्हाई चूक काढायची. तू काल आलीस आन मला शिकवतीस व्हय?"

"मी चूक न्हाई म्हनत नाना. पाय म्हनत्यात," ती खाली बघत म्हणाली.

मला त्या पोरीची दया आली आणि नानांचा रागही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "लांब होतीच नाना. सुतळीसुद्धा पुरली नाही टेकडीवर."

नानांनी कप खाली ठेवला. "कवा?"

"चाचणीच्या आदल्या दिवशी. शेरडंवाल्यानं कापली."

"सपाटीवर चुना पुरला?"

"पुरला की. मूठभर उरला."

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो, एकदम म्हातारे दिसले. म्हणाले, "मास्तर, मी डोंगर गाडला."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी बशी एका अंगाला कलती धरली. "ह्यो उतार. जमीन मोजताना आमी साखळी उतारावर टेकवत न्हाई, हवेत आडवी धरतो, सपाट. का? तर ऊस डोंगराला टेकून वाढत न्हाई, सरळ आभाळाकडं वाढतो. उतार कितीबी असंना, उसाला जागा सपाटीएवढीच. म्हनून कागदावर डोंगर नसतोच. तीस वर्सांची सवय. तिथंबी हात आपसूक वर गेला. पन ही पोरगी ऊस न्हाई. ही जमिनीवरनं पळली."

त्याच दुपारी आम्ही तिघं टेकडीवर गेलो. या वेळी साखळी जमिनीला चिकटवून धरली. नाना वाकून वाकून चालत होते, कंबर धरत होते, पण आपलं टोक दुसऱ्या कुणाला धरू देईनात. दुसरं टोक सुजाताच्या हातात. पाच साखळ्या जास्त भरल्या. पन्नास मीटर. चढाच्या पन्नास मीटरना सात सेकंद कुठं पुरतात? तेवढा वेळ वजा केला तर ती चौथीच्या पुढं गेली असती.

आता पत्र लिहायचं. मी हुशारी केली. "नाना, 'फेरमोजणीत फरक आढळला' एवढंच लिहू. तुमचं नाव कशाला?"

"लिवा मास्तर. 'मोजणी मी केली, चूक माझी.' नाव, हुद्दा, गाव. नुसता फरक लिवला तर ती मानसं म्हनतील, मास्तरानं पोरीसाठी फरक काढला. माझं नाव घातलं तर इश्वास ठेवतील. सवताच्या खोटेपनाचा कागद कोन लिवून देतो?"

पत्र गेलं आणि बातमी फुटली. पुढच्या बाजारच्या दिवशी मोजणी कचेरीसमोर ही रांग. मागच्या तीस वर्षांत नानांच्या साखळीनं ज्यांची वावभर जमीन गेली होती ते सगळे हजर. "आवं नाना, तुमची साखळी चुकती हे तुमीच लिवून दिलंय. मग आमचं काय?" साहेबांनी नानांना आत बोलावून झापलं. निवृत्तीला दोन महिने राहिलेत, गप्प बसवत नव्हतं का, म्हणाले. नाना बाहेर येऊन पायरीवर बसले. एकेकाला उसाची गोष्ट सांगत राहिले. निम्मे समजून गेले, निम्मे न समजता. एक हट्टी म्हातारा काही ऐकेना, तेव्हा नानांनी रविवारी स्वतःहून जाऊन त्याचं वावर पुन्हा मोजलं. उलट म्हाताऱ्याकडेच शेजाऱ्याची दीड गुंठा जमीन निघाली. नंतर तो नानांना बघितलं की रस्ता बदलायचा.

मीही त्या शेरडंवाल्याकडे गेलो आणि हात जोडले. त्यानं तंबाखू पुढं केली, म्हणाला, "असू द्या मास्तर. पन दावं खरंच जुनं झालंय." मी त्याला सुतळीचं बंडल नेऊन दिलं.

समितीचा माणूस टेप घेऊन आला, टेकडी चढून धापा टाकत उतरला, आणि नानांचे आकडे बरोबर आहेत असं लिहून गेला. पंधरा दिवसांनी सुजाताला शिबिराचं बोलावणं आलं.

कोरेगाव स्टेशनवर तिला सोडायला निम्मं कॉलेज लोटलं होतं. नानांचा पत्ता नाही. गाडी हलली, आणि फाटकातून नाना पळत आले. धोतर एका हातात, दुसऱ्या हातात पाकीट, टोपी कुठं पडलेली. त्यांना पळता येत नव्हतं हो. सुजाता खिडकीतून हसत हसत ओरडत होती, "नाना, खांदं ढिलं सोडा." त्यांनी कसंबसं पाकीट तिच्या हातात दिलं. "कुनी तुझ्या वेळंवर शंका काढली तरच उघड," एवढं म्हणाले आणि खांबाला धरून श्वास घेत उभे राहिले.

ती संघात आली, परदेशात पळून आली. नंबर विचारू नका, मागून मोजलं तर लवकर सापडतो. गुडघाभर चिखल आणि अंगात हुडहुडी, असं तिनं कार्डावर लिहिलं होतं. पण पूर्ण पळाली. पुढं सांगलीत एका शाळेत तीही पी.टी.ची बाई झाली.

नाना गेले तेव्हा ती सांगलीहून आली. नानींजवळ बसली, मग पर्समधून ते पाकीट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "कुनीच शंका काढली न्हाई मास्तर. शेवटी तिकडं पळायच्या आदल्या दिवशी मीच उघडलं."

मला वाटलं आत आकडेवारी असणार. आत मोजणी कचेरीचा नकाशाचा कागद होता. जन्मभर ज्या माणसानं कागदावर डोंगर येऊ दिला नाही, त्यानं त्या कागदावर टेकडी उभी काढली होती, पहिलीतलं पोर काढतं तशी. चढाला एक रेघ, उताराला एक रेघ. माथ्यावर दोन वेण्यांची एक मुलगी, एक पाय हवेत. आणि खाली, सरकारी नकाशावर करायचे तशी, हुद्द्यासकट पूर्ण सही.