तंकमणीचा शेरा

तंकमणी त्रिशूरजवळच्या एका गावात कृषिभवनात नोकरीला होती. कुठली जमीन भाताची आणि कुठली कोरडी, हे स्वतः फिरून पाहायचं आणि नोंदवहीत शेरा मारायचा, हे तिचं काम. भाताची लिहिली की तिथं भराव टाकता येत नाही, घर बांधता येत नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका बिल्डरनं गावाबाहेरचा पाणथळ पट्टा हेरला. चाळीस बंगले बांधायचे होते. मधला मोठा तुकडा तिच्या थोरल्या भावाचा, शंकुण्णीचा. मजूर मिळेनात म्हणून पाच वर्षं त्यानं तिथं काही पेरलं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी तो बांधावर येऊन उभा राहिला.

“मोळे,” लहानपणापासूनच्या लाडक्या हाकेनं तो म्हणाला, “कोरडी लिही. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”

“चेट्टा, गुडघाभर चिखलात उभी आहे मी. कोरडी कशी लिहू?”

“शेजारच्या गावात लिहितातच की!”

“तिथं मी नसते.”

“तेच तर! तू नेमकी माझ्याच वाट्याला आलीस.”

कागद आठवडाभर तिच्या टेबलाच्या खणात पडून राहिला. भाऊ म्हातारा, मुलं दूर, जमीन विकल्याशिवाय त्याची सुटका नाही, हे तिला ठाऊक होतं. शेवटी तिनं ‘भातशेती’ असंच लिहिलं. बिल्डर निघून गेला.

त्या ओणमला ती भावाकडे गेली, तर वहिनीनं कुंपणावरूनच केळ्याच्या काचऱ्यांचा पुडा हातात दिला. “ते झोपलेत,” म्हणाली. आत रेडिओ चालू होता.

पुढच्या वर्षी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, शंकुण्णी वॉचमन म्हणून कामाला लागला. त्याच बिल्डरच्या, शेजारच्या गावातल्या बंगल्यांवर. तिथली जमीन कुणीतरी कोरडी लिहिली होती.

आषाढाच्या पावसात तिथं पाणी शिरल्याचं कळलं, तशी तंकमणी धावत गेली. शंकुण्णी कमरेएवढ्या पाण्यातून एका आजीबाईंना पाठुंगळीला घेऊन येत होता. तिला पाहून थबकला.

“बघत काय उभी राहिलीस? धर यांना!”

दीड वर्षानंतर तो तिच्याशी बोलला होता. दोघांनी मिळून नऊ जणांना बाहेर काढलं. नंतर त्याच्या पडवीत चहा पिताना तिला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल. तो एवढंच म्हणाला, “उद्यापासून हे कामही राहणार नाही बहुतेक.”

तिनं आपल्या कपातला अर्धा चहा त्याच्या कपात ओतला.