तांबड्याचा खांदा आणि माझी दहा बोटं

स्वतःच्या हातांची तारीफ मी करत नाही. एवढंच सांगते की एकोणीसशे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत नागभीडकडच्या आमच्या गावात एकही लेकरू माझ्या मालिशीवाचून रांगलं नाही, आणि ज्यांना रांगायला उशीर झाला ती थेट पळालीच! बाळंतिणींच्या कंबरा, म्हाताऱ्यांचे गुडघे, सगळं या दहा बोटांखालून गेलं. पण चार गावांत माझा डंका वाजला तो आमच्या तांबड्या बैलामुळे.

त्या वर्षी धानाच्या भाऱ्यांनी भरलेली बैलबंडी बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे खाचराच्या बांधावरून, उतरवताना तांबडा घसरला आणि उजव्या खांद्यातून लंगडायला लागला. जनावरांच्या डॉक्टरनं पाहून सांगितलं, हाड शाबूत आहे, आराम द्या. गाव म्हणालं, तापलेल्या लोखंडाचा डाग द्या. आणि बैलांचा दलाल तर न बोलावता आमच्या ओसरीवर येऊन बसला. लंगडा बैल बाजारातून पुढे कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे धान घरात आलं की शंकरपट भरतो, बैलजोड्यांची शर्यत. माझे सासरे एकही पट चुकवत नसत. त्यांनी दलालासमोरच निकाल दिला, "महिन्याभरानं पट हाये. तांबडा न लंगडता शेवटपर्यंत पळला तर राहील. नाई तर घेऊन जाय."

मी आतूनच बोलले, "मामाजी, डाग द्याच्या आंधी मले हात लावू द्या."

"बाई, तो का तान्हा पोरगा हाये?"

"पोरगाच समजा. जरासा मोठा हाये."

माझा दीर हसून हसून खाली बसला. "वहिनी, आंघोळ घालून काजळ बी लावा त्याले!"

मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून मी गोठ्यात गेले. पहिल्याच दिवशी खांदा जोरात दाबला आणि तांबड्यानं मला अशी उडवली की खाली येईपर्यंत मला तळोधीचा बाजार दिसला. दुसऱ्या दिवसापासून शहाणी झाले. दाबायचं नाहीच. नुसता तळवा खांद्यावर ठेवायचा आणि त्याचा श्वास नि माझा श्वास एका चालीत येईपर्यंत उभं राहायचं. मग दुधावरची साय मोडणार नाही इतक्या हलक्या बोटांनी छोटी छोटी वर्तुळं, वशिंडाच्या बुडापासून खाली गुडघ्यापर्यंत. त्याचा कान मागे गेला की समजायचं, इथे दुखतंय. हात आणखी हलका करायचा. आणि शेवटी, बाळांचं करते तसंच, कपाळावरून खाली हात, मग एकेक कान मुळापासून टोकापर्यंत. बाळाची मालिश झोपेवरच संपते. तांबड्याचीही तशीच संपे. खालचा ओठ लोंबे, डोळे मिटत, आणि तो असा घोरे की शेजाऱ्यांच्या छपरावरची कवेलू सरकत. एक कान करून दुसरा राहिला, तर मात्र तो अंगणभर माझ्या मागे मागे फिरे.

दहाव्या दिवशी त्यानं पाय पूर्ण टेकला. तिसऱ्या आठवड्यात तो बंडी ओढू लागला. दलाल काही हलला नाही. "चालनं येगळं, पळनं येगळं," म्हणायचा.

पटाच्या दिवशी अख्खी झाडीपट्टी लोटली होती. धूळ, डफ, आरोळ्या! आम्ही बाया कडेच्या बंड्यांवर बसलो होतो. एवढ्यात सासरे स्वतः गर्दी फोडून आले. "बाई, चाल लवकर. तांबडा थरथरून राह्यला, जू घेत नाई."

जिथून जोड्या सुटतात तिथे बाईमाणूस कधी जात नसे. मी गेले. खांद्यावर तळवा ठेवला. तांबडा शांत झाला, मान खाली घातली, जू घेतलं. वा! इथेच हात काढायचा होता. पण वर्षानुवर्षांची सवय, हात आपोआप पुढे गेले. कपाळ. मग डावा कान, मुळापासून टोकापर्यंत...

झेंडा पडला. शेजारची जोडी गोळीसारखी सुटली. तांबड्याचा जोडीदार, आमचा पांढरा बैल, हिसके देऊ लागला, आणि तांबड्याचा ओठ लोंबला.

जोडी हाकायला शर्यतीच्या हलक्या छकडीवर बसलेला दीर किंचाळला, "वहिनी! झोपवलं काऊन त्याले!"

"पट हाये का पाळणा?" म्हणत दलाल दोर घेऊन पुढे आला. सासऱ्यांनी त्या दोराकडे पाहिलं, मग खाली.

आणि मला आठवलं, उजवा कान राहिलाय! तेलकट हात त्याच्या नाकासमोर फिरवले, लुगडं खोचलं आणि ओरडले, "कान राह्यला रे तांबड्या!" आणि धूम ठोकली.

त्यानं एक डोळा उघडला असावा. मी पाहिलं नाही. मला फक्त टापा ऐकू आल्या. कशी पळाले म्हणता! वारा मागून हाका मारत होता, बाई, जरा थांब! मागे तांबडा, त्याच्याबरोबर फरपटत पांढरा, आणि छकडीवर दीर, कासरा सोडून दोन्ही हातांनी दांडी धरलेला. गर्दी उड्या मारत होती. शेवटची खूण ओलांडून मी धानाच्या तणसाच्या, पेंढ्याच्या ढिगात पडले, आणि तांबड्यानं उजवा कान माझ्या तोंडावर आणून ठेवला.

ती शर्यत आम्ही जिंकलो असं मी इतकी वर्षं सांगत आले. आता छापून येतंय म्हणून खरं सांगते, दुसरे आलो. त्या फेरीत जोड्या दोनच होत्या.

सासरे धापा टाकत आले. माझ्याकडे न बघता त्यांनी तांबड्याला दहा पावलं चालवलं, वळवलं, परत दहा पावलं. उजवा पाय सरळ पडत होता. मागून दलाल आलाच, "मंग, भाऊ?"

"दोर घरी ने. कपडे वाळू घाल त्याच्यावर."

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, त्याचा एक कान राह्यला म्हनत होती ना?"

मी तिथेच, पटाच्या मधोमध, उजवा कान केला. पुढच्या जोड्यांना तांबडा जागा होईस्तोवर थांबावं लागलं.