एका टोकाला शिट्टी, दुसऱ्या टोकाला नाही

मी सातवी शिकलेला माणूस. एसटीच्या डेपोत गाड्यांचे पत्रे ठोकण्यात जन्म गेला. तू एक दिवस खेळाबद्दल लिहायला बसशील असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ही गेली. घरात बोलायला आता कुणी नाही, आणि जे बोलायचंय ते नेमकं या खेळापाशी अडकून बसलंय.

मुलाने आम्हा दोघांना इकडे अमेरिकेत नोव्हायला आणलं तेव्हा झोपेचा पार बट्ट्याबोळ झाला होता. पहाटेच डोळे टक्क उघडे. मुलगा मोटारीच्या कंपनीत इंजिनियर, सूनबाईचं कॉम्प्युटरचं काम, दोघांना सकाळी लवकर उठायचं. इथलं घर लाकडाचं, जिन्यावर पाय ठेवला तरी वर कळतं. म्हणून आम्ही चहाचे कप घेऊन खाली बेसमेंटमध्ये बसायचो आणि आवाज पार बंद करून टीव्ही लावायचो. मुलाने क्रिकेटसाठी खेळाचं चॅनेल घेतलं होतं. पण त्या वेळेला क्रिकेट नसायचंच. हे असायचं.

बिनबाह्यांचे बनियन, आखूड चड्ड्या, अंड्यासारखा चेंडू आणि आमच्या डेपोसारखे चार डेपो मावतील एवढं गोल मैदान. ही बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "अहो, एवढी माणसं? दोन मॅची एकदम चालल्यात का काय?"

तो ऑस्ट्रेलियातला फुटबॉल होता. तिकडची संध्याकाळ ती आमची पहाट. पुढं आमची झोप रुळावर आली, पण पहाटेचं उठणं आम्ही सोडलं नाही. शनिवारी तर ती माझ्या आधी खाली जाऊन बसलेली असायची.

आता गंमत बघा. आवाज बंद, आणि चालू असता तरी ते इंग्रजी आमच्या डोक्यावरून गेलं असतं. मग खेळ कळणार कसा? आम्ही तो अंपायरच्या हातांवरून शिकलो. शिट्टी तोंडात गेली की काय झालं, कोण पडलं, कुणी कुणाला धरलं, हे बघायचं आणि त्यावरून नियम काय असेल ते ठरवायचं. चार खांब असतात. मधल्या दोघांतून चेंडू लाथ मारून गेला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला की एक. खांबापाशी उभा असलेला माणूस दोन्ही हातांची बोटं पुढं करतो आणि मग झेंडे हलवतो. हा माणूस हिचा लाडका. "हा बघा, याचं काम स्वच्छ. गेला तर गेला, नाही तर नाही."

घोडं अडलं ते मैदानातल्या अंपायरपाशी. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरच्याने कवेत धरून खाली पाडलं आणि त्याच्याकडून चेंडू सुटला नाही, तर शिट्टी होते आणि चेंडू दुसऱ्या टीमला मिळतो. एवढं आम्हाला लवकर कळलं. ही खूश. पण पुढच्याच मिनिटाला तसाच माणूस, तसाच धरलेला, तसाच पडलेला, आणि शिट्टी नाही. अंपायरने चेंडू उचलून वर फेकला, चला पुढं.

"असं का?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "तिकडच्या टोकाला नियम वेगळा असंल."

आम्ही खरंच तसं धरून चाललो. हसाल तुम्ही, पण दोन-तीन आठवडे आमची खात्री होती की मैदानाच्या एका टोकाला एक नियम आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. मग तेही जुळेना. मग वाटलं अर्ध्या वेळेनंतर नियम बदलत असेल. तेही जुळेना. ज्या दिवशी वाटायचं आता कळलं, त्याच दिवशी अंपायर ते मोडून दाखवायचा.

शेवटी नातीला गाठलं. ती इथंच जन्मलेली, तेव्हा कॉलेजात होती. तिने फोनमध्ये वाचलं आणि सांगितलं की धरायच्या आधी त्या खेळाडूला चेंडू सोडायला पुरेसा वेळ मिळाला होता का, हे अंपायर बघतो.

"पुरेसा म्हणजे किती?" हिने विचारलं.

"इट डिपेंड्स, आजी."

"कशावर?"

"ऑन द अंपायर."

ही माझ्याकडं वळून म्हणाली, "म्हणजे त्याच्या मनावर. एवढं सांगायला फोन कशाला लागतो?"

तरी हिने एक टीम धरली होती. निळ्या पट्ट्यांची. का धरली तर त्यांचा एक पोरगा पडला की समोरच्याला हात देऊन उठवायचा. तेवढ्यावर ती त्यांची झाली. पण तिचं एक होतं, जे मी तिथल्या मैदानातल्या पन्नास-साठ हजार माणसांत कुणाचं बघितलं नाही. आपल्या टीमवर अन्याय झाला की ती चिडायचीच, पण आपल्या टीमला फुकटची शिट्टी मिळाली तरी चिडायची. त्यातून गोल झाला तर टाळी वाजवायची नाही. मी वाजवली तर माझ्या हातावर चापट. "हा आपला नाही. हा अंपायरने दिला."

मी म्हणायचो, "अगं, मघाशी त्यांनाही फुकटची मिळालीच की. फिटलं."

"असं फिटत नसतं. दोन चुका म्हणजे दोन चुका."

मधे तर आणखी एक निघालं. खेळाडूने अंपायरकडे बघून नुसते हात पसरले, असं का म्हणून, तर त्याला शिक्षा. समोरच्याला पन्नास मीटर पुढं नेऊन चेंडू देतात. हिला ते पटलंच नाही. "हात पसरले म्हणून शिक्षा? देवळात काय करतो मग आपण?" आणि तिथंही तेच. एकाने हात पसरले तर पन्नास मीटर, दुसऱ्याने पसरले तर अंपायर पाठ फिरवून चालता झाला. तिकडचे लोक कठड्यावर ओणवे होऊन ओरडत असायचे, लाल झालेले चेहरे, एक म्हातारा टोपी आपटत होता. आवाज नसल्यामुळं सगळे मासळीसारखे तोंड उघडत-मिटत होते. आम्ही इथं जमिनीखाली बसून त्यांच्याबरोबर तोंडातल्या तोंडात शिव्या देत होतो. वर मुलाला उठवायचं नाही ना. त्या म्हाताऱ्याची आणि माझी ओळख नाही, भाषा नाही. पण त्याला काय होत होतं ते मला कळत होतं.

मुलगा म्हणायचा, "बाबा, गेम आहे. बीपी वाढवून घेऊ नका."

गेम आहे म्हणूनच तर. डेपोत साहेब मनाला येईल तसं करायचा, सरकार करायचं, ते चालवून घेतलं. निदान खेळात तरी एक रेघ असावी.

तिच्या शेवटच्या सीझनला निळे चांगले खेळले. सप्टेंबरात हरला तो घरी जाणार असल्या मॅचपर्यंत पोचले. तेव्हा तिचं पोट दुखायला लागलं होतं. एका डॉक्टरने गॅस म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. ती पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून खाली आली.

थोडीच मिनिटं राहिली होती. निळे दोन गुणांनी पुढं. त्यांचा तो हात देणारा पोरगा चेंडू उचलायला वाकला आणि उचलतो न उचलतो तोच तिघं अंगावर. शिट्टी. चेंडू समोरच्या तांबड्या टीमला, खांबांच्या समोर, सहा गुण. पुढच्याच मिनिटाला तांबड्यांचा एक जण चेंडू घेऊन गिरकी मारून पळाला, धरला, पडला, चेंडू पोटाखाली दाबून बसला. शिट्टी नाही. अंपायर हातभर अंतरावर उभा. मॅच संपली.

मी रिमोट आपटला. ती ओरडली नाही. पिशवी सरळ केली आणि म्हणाली, "हरल्याचं काही नाही हो. पण नियम एक ठेवा म्हणावं."

नंतर दुसऱ्या डॉक्टरने पोटाचे फोटो काढले आणि विचारलं, इतका उशीर का केला. एक म्हणतो काही नाही, दुसरा म्हणतो उशीर झाला. माणूस तोच, पोट तेच. फेब्रुवारीत ती गेली. बाहेर गुडघाभर बर्फ होता.

आमची मुलगी कराडला असते. तिला इकडचा व्हिसा मिळायला वेळ लागला, धावपळ करून मिळवला, तिकीट काढलं. हिशेब केला तर ती सोमवारी दुपारी पोचणार आणि तेरावा रविवारी. मी गुरुजींना स्वतः फोन केला. हे गुरुजी आठवडाभर ऑफिसात काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगतात. इथं बहुतेक असेच आहेत. वयाने माझ्या मुलाएवढे, वागायला चांगले. मी म्हणालो, "एक दिवस थांबवा. लेक येतेय. आईचं तोंड बघायला मिळालं नाही तिला, निदान पानाला तरी हात लागू दे."

"काका, तेरावा म्हणजे तेरावा. तिथीला हात लावता येत नाही. आत्म्याला त्रास होतो."

मी दोनदा विनवलं. भांडलोसुद्धा, आवाज चढवून. मुलाने फोन हातातून घेतला. रविवारी तेरावा झाला. सोमवारी लेक आली तेव्हा मंडळाकडून आणलेली पातेली घासून परत गेली होती, भिंतीवर फोटो लागला होता, फरशी पुसून कोरडी होती. ती बॅग धरून दारातच उभी राहिली. "बाबा, माझ्यासाठी थांबला नाहीत?"

मी म्हणालो, "तिथी थांबत नाही." मला गुरुजींनी सांगितलं ते मी तिला सांगितलं. तिने ते मानलं. आईचा नियम मोडायला नको म्हणाली. आत्म्याला त्रास नको म्हणाली. तेवढ्यावर तिने वर्ष काढलं.

त्यानंतरचा सीझन मी एकटाच बघितला. आवाज चालू ठेवून. आता कुणाला उठवायची भीती वाटत नाही, मुलगाही काही बोलत नाही. लोकांची बोंब खरोखरची कशी असते ते पहिल्यांदा ऐकलं. आख्खं मैदान एका शिट्टीवर ओरडतं आणि निर्णय तसाच राहतो. मला वाटायचं, आवाज ऐकला की तरी बरं वाटेल. नाही वाटलं. निळ्यांना फुकटची शिट्टी मिळाली तर मी टाळी वाजवत नाही. वाजवली तरी चापट मारायला कोण आहे.

मग वर्षश्राद्ध आलं. तिथी बुधवारी. मुलगा म्हणाला, "बाबा, बुधवारी प्लांटला लाँच आहे, लीव्ह मिळणार नाही. गुरुजींशी बोललोय, शनिवारी करू. ते म्हणाले चालतं."

"काय चालतं?"

"इथं सगळे वीकेंडलाच करतात. शास्त्रात सोय आहे म्हणे."

बुधवारी मी सकाळी अंघोळ केली आणि तिच्या फोटोसमोर बसून राहिलो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो तेरावा रविवारी आला होता, गुरुजींना सुट्टी होती. सोमवार त्यांना जमणारा नव्हता. एवढाच फरक. आत्मा, त्रास, तिथी, सगळं त्या रविवारवर उभं होतं. ते मुद्दाम खोटं बोलले असंही मी म्हणणार नाही. तेव्हा त्यांना तसं वाटलं, आता असं वाटतं.

शनिवारी गुरुजी आले. मुलगा पाटावर बसला. टेबलावर फोन उभा करून कराडच्या लेकीला व्हिडिओवर घेतलं होतं. तिकडं संध्याकाळ झाली होती. पिंड ठेवायच्या वेळेला ती म्हणाली, "गुरुजी, तिथी बुधवारी झाली ना? मी इथं बुधवारीच पान वाढलं."

"हो ताई, पण परदेशात असं चालतं. भाव महत्त्वाचा."

"मग तेव्हा एक दिवस का नाही चाललं?"

सूनबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. मुलगा पिंडाकडं बघत होता. गुरुजींना बिचाऱ्यांना आठवायलाच वेळ लागला. आठवल्यावर म्हणाले, "त्या वेळची परिस्थिती वेगळी होती."

"काय वेगळं होतं?"

"ताई, मुहूर्त जातोय. आपण नंतर बोलू." आणि त्यांनी मंत्र पुढं चालू केला. तिने कॅमेरा बंद केला. फोनवर नुसता काळा चौकोन.

विधी आटोपल्यावर मी खाली जाऊन तिला फोन लावला. लगेच उचलला.

"बाबा, मी तुमच्यावर रागावले नाही. मला फक्त एक सांगा. तेव्हा तुम्ही भांडला होता का माझ्यासाठी?"

"भांडलो होतो. दोनदा."

"मग?"

"मग काही नाही. झालं नाही."

तिच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, शिट्टीचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ठेवते." मी फोन कानाला तसाच धरून बसलो. पलीकडं कुणी नव्हतं.