लाल रेघेखालची ओळ

फकिराप्पा हुगार सरांना साप-विंचवाचं भ्या नव्हतं. भ्या होतं ते 'का?' या एका अक्षराचं.

डोणी नदीच्या काठच्या हायस्कुलात त्यांनी बावीस वर्षं गणित शिकवलं ते एका वहीच्या जिवावर. स्वतः दहावीत असताना गुरुजींच्या फळ्यावरून उतरवलेली वही. अक्षर मोत्यासारखं, एक खोड नाही. तीच फळ्यावर उतरायची, फळ्यावरून पोरांच्या वह्यांत. मध्येच कुणी "का, सर?" म्हणालं की सर खेकसायचे, "आधी उतरून घे की गप! वही घाण करू नको."

दहावीतली शिवलीला तेवढी ऐकायची नाही. तिची वही म्हणजे कोंबड्यांनी उकरलेला उकिरडा. समासात बाण, प्रश्नचिन्हं, घरी डोकं खाजवून लिहिलेली कारणं. रविवारी वह्या तपासताना सरांनी त्या समासावर लाल रेघ ओढून शेरा मारला, 'गलिच्छ'.

आणि सोमवारी शाळा तपासायला तालुक्याचे साहेब येऊन मागच्या बाकावर बसले. ज्याला विषय येत नाही त्याचा दहावीचा वर्ग काढून घेणार, असं त्यांनी हेडमास्तरांना आधीच ऐकवलं होतं.

सरांनी शनिवारी उतरवून दिलेलं प्रमेयच पुन्हा घेतलं. एबीसी त्रिकोण काढला, बीसीला समांतर डीई रेघ मारली. बी-ई, सी-डी जोडले. वहीत होतं तसं लिहीत गेले. 'म्हणून बीडीई आणि सीडीई या त्रिकोणांचं क्षेत्रफळ सारखं.'

"हुगार सर, थांबा की जरा. सारखं कशावरून?"

खडू बोटातच मोडला. सरांनी वहीत बघितलं. तिथं 'म्हणून'च्या आधी काहीच नव्हतं. बावीस वर्षं नव्हतं.

"सांगतो की, साहेब..." सरांनी वहीचं मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं.

"सरांची वही संपली काय रे?" पोरांत कुणीतरी कुजबुजलं.

"गप, मरशील!"

टेबलावर तपासलेल्या वह्यांची चळत होती. वरचीच शिवलीलाची. सरांनी काल रेघ ओढलेलं पान काढलं. लाल रेघेखाली बारीक अक्षरं होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली, "दोन्हींचा पाया डीई. बी आणि सी डीईला समांतर असलेल्या एकाच रेघेवर. म्हणून उंचीपण सारखी."

"बरोबर." साहेब उठून टेबलाशी आले. "ही वही कुणाची? तुमचीच काय?"

'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. शिवलीला खाली मान घालून बसलेली. ती काही बोलणार नव्हती.

"पोरीची, साहेब. लाल रेघ तेवढी माझी."

साहेबांनी पान न्याहाळलं, सरांना न्याहाळलं. "मग पुढचं तिला विचारत विचारत लिहा," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

"ये अव्वा, ये पोरी, खडू घे," सर म्हणाले. ती उठून फळ्याशी आली.

दहावीचा वर्ग सरांकडेच राहिला. भ्या मात्र गेलं नाही. अजून दर 'म्हणून'पाशी सर अडतात, आणि कडेला कारण खरडल्याबिगर खडू पुढं सरकत नाही. परवा शिवलीला म्हणाली, "सर, तुमचा फळा आता माझ्या वहीपेक्षा गलिच्छ दिसतो की."