तीन हाका

घाटकोपरच्या भटवाडीत चेतनाची ओळख एकच, ‘पोरांना नोकऱ्या लावणारी’. तिचा बाप अंबादास लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि ज्या सोसायटीत पान्हा घेऊन शिरायचा तिथं लेकीचं हे कौतुक सांगूनच बाहेर पडायचा. खरं तर चेतना इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये विद्यार्थ्यांची प्रमुख होती, तीही बिनपगारी. कंपन्यांना फोन करा, आलेल्या साहेबांचा चहा बघा, मुलांचे बायोडेटा सुधारा! “बायोडेटात झकास दिसतं यार,” असं सांगून सीनियर्सनी तिला त्यात ओढलं होतं.

मुलाखतीला नाव पुकारलं की पोरं कँटीनमध्ये सापडायची. साहेब लोक वैतागायचे. मग चेतनानंच नियम करून घेतला: दाराशी तीन हाका, नाही आला तर गैरहजर, आणि गैरहजराला पुढच्या सगळ्या कंपन्या बंद. मागच्या महिन्यात पद्मजा नावाची मुलगी शर्टाचं बटण शिवायला गेली आणि दोन मिनिटं उशिरा आली. ढसाढसा रडली बिचारी. चेतना बधली नाही.

तिला स्वतःला हवी होती ती एकच कंपनी, लिफ्टची यंत्रणा बनवणारी. बापानं जन्मभर ज्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस पुसलं, ती लिफ्ट आपण कागदावर आखायची, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. फेब्रुवारीत कंपनी आली. लेखी परीक्षेत चेतना पहिली!

दोन खोल्यांत मुलाखती सुरू झाल्या. पहिल्या खोलीत तिच्या वर्गातल्या मिहिरचा नंबर आला आणि मिहिर गायब. फोन बंद. दुसऱ्या खोलीत चेतनाच्या आधी अजून दोघं होते, म्हणून ती धावली. मिहिर गच्चीच्या जिन्यात सापडला, घामाघूम.

“माझ्याकडून नाही होणार गं.”

“गप रे. पाणी पी, शर्ट नीट खोच. चल.”

हाताला धरून तिनं त्याला तिसऱ्या हाकेच्या आत दारात उभं केलं. मग दुसऱ्या खोलीकडं वळली. तिच्या आधीच्या दोघांना साहेबांनी पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं. दाराशी यादी घेऊन नितेश उभा होता, तिनंच तयार केलेला ज्युनियर. त्याचं तोंड उतरलेलं.

“ताई, तीन हाका झाल्या. पण मी आत जाऊन सांगतो ना, साहेब ऐकतील.”

ऐकलंही असतं साहेबांनी. ‘सांग’ हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात कंपन्या बंद झाल्यापासून सेलच्या मदतीला येणारी पद्मजा चहाचा ट्रे घेऊन समोरून आली आणि थांबली. चेतनाकडं बघत राहिली. चेतनाला रडू कोसळत होतं, स्वतःचाच भयंकर राग येत होता. कुठून सुचला तो नियम!

“गैरहजर लिही,” ती म्हणाली.

संध्याकाळी अंबादास पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आला. “किती जणांना लागली गं?”

“बारा जणांना. मिहिरलापण.”

“व्वा!” त्यानं पुड्याचा दोरा सोडला. “बारा म्हणजे तुला धरून ना?”

“मला सोडून, पप्पा.”

अंबादासनं सोडलेला दोरा पुन्हा पुड्याला गुंडाळला. गाठ काही त्याला नीट बसेना.