आई गेली!

आधी कबूल करा, मधेच हसणार नाही! कारण असला घोटाळा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

मी कामोठ्याची. पनवेलच्या ऑफिसात बंदरातल्या मालाची कागदपत्रं बघणारी आमची टीम, आणि मी तिची नवी कोरी प्रमुख. दोन दिवस ऑफिस, बाकी आठवडा घरून काम. मोठ्या मॅडमनी बजावलं होतं, "माणसं रोज समोर नसतात, जरा विचारपूस करत जा गं."

झालं! मी काळजी करायला टपूनच बसले.

एका सकाळी चिरनेरच्या निलेशचा मेसेज आला. निलेश म्हणजे कामाला चोख, पण मीटिंगमध्ये 'हो' आणि 'नाही'च्या पुढे गाडी जात नाही. मेसेजही तसाच तुटक: "मॅडम, आई गेली. आज जमणार नाही."

अरे देवा! फोन लावावा? छे, अशा वेळी कसला फोन! मी सगळ्यांना ऑनलाइन बोलावलं आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. दुपारी हार घेऊन आम्ही चौघं गाडीत. कर्नाळ्याचा डोंगर दिसेपर्यंत माझे दोन रुमाल ओले!

अंगणात एक बाई वाल सोलत बसलेल्या. मावशी असणार! मी त्यांचे हातच धरले.

"मावशी, धीर धरा."

"कशाचा?"

"निलेशची आई गेली ना..."

"गेलती ना, उरनला लेकीकडं. आत्ताच आली."

"कोण आली?"

"मी! मीच त्याची आय!"

तेवढ्यात निलेश बाहेर आला. घरात गवंडी लागलेले, आई घरी नाही, म्हणून बिचाऱ्यानं रजा घेतलेली. त्यानं मला पाहिलं, मग हार पाहिला. मला वाटलं, अंगण दुभंगावं!

पण आई काय हसल्या! डोळ्यांतून पाणी! पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "बसा आता. मेलेल्या बाईच्या हातचा जेवान चालंल ना?"

तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण. वाढता वाढता निलेश हळूच म्हणाला, "मॅडम, ऑफिसातलं कोणी माझ्यासाठी इतक्या लांब आलं नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून हा गडी मीटिंगमध्ये बोलायला लागला, तो थांबेचना! त्याच्यामागून बाकीचेही खुलले. मोठ्या मॅडम चकित. सगळ्या प्रमुखांच्या मीटिंगमध्ये मला उभं केलं, "सांग गं, नेमकं काय केलंस?"

काय सांगणार? मान खाली घालून म्हटलं, "फार काही नाही, मॅडम. एका बाईचं, तिच्याच अंगणात, तिच्याच मरणाबद्दल सांत्वन केलं!"